व्हिएतनाम टूर: बुकिंग 14 जणांचं, विमानात 12, आणि मधल्या दोघांचा हिशोब

मार्च 2025 मध्ये आम्ही दोघं आणि माझी बहीण-दाजी असे चौघं व्हिएतनामला जाऊन आलो, जळगावातल्याच एका टूरवाल्याकडून. नाव लिहीत नाही, माणूस ओळखीतला आहे आणि खाली जे लिहितेय ते सगळं त्याच्या तोंडावर बोलून झालंय. साडेतीन स्टार देतेय, अर्धा का कापला आणि एक का कापला ते सांगते. मी गणिताची शिक्षिका होते, आता रिटायर आहे, त्यामुळे आकडे जास्त येतील, कंटाळा आला तर खालचं केळ्याचं वाचा.

पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं ‘फक्त 1,05,000, छोटा ग्रुप, आठ रात्री नऊ दिवस’. आता आठ रात्री मोजायला बसा. 3 तारखेची पहिली रात्र मुंबई ते हनोई विमानात, म्हणजे हॉटेल आणि बोट धरून रात्री सातच. हे फसवणूक नाही म्हणे, सगळेच टूरवाले असंच मोजतात, पण बहिणीने आठ रात्री म्हणून आठ नाइट ड्रेस घेतले होते तिला कोण सांगणार. दुसरं म्हणजे त्या 1,05,000 वर 5 टक्के जीएसटी, झाले 1,10,250, आणि त्यावर परत 5 टक्के टीसीएस (टूरवाला आपल्या नावावर आधीच कापून सरकारकडे भरतो तो इन्कम टॅक्स), म्हणजे 5,512. एका माणसाचे 1,15,762 झाले, दोघांचे 2,31,525. यातला जीएसटी गेला तो गेला. टीसीएस मात्र आपल्या पॅनवर जमा होतो, 26एएस या टॅक्सच्या उताऱ्यात दिसतो आणि रिटर्न भरताना परत मागता येतो किंवा टॅक्समध्ये वळता होतो. आमच्या ग्रुपमध्ये निम्म्या लोकांना हे माहीतच नव्हतं, अमळनेरच्या काकू म्हणाल्या आम्ही रिटर्नच भरत नाही, म्हटलं काकू मग यंदा भरा, साडेपाच हजार सोडता का. (आमच्या वेळी सात लाखांपर्यंत 5 टक्के होता, हा दर बदलत असतो, जायच्या आधी बघून घ्या.)

आता मुख्य भांडण. छोटा ग्रुप म्हणजे काय हे मला ऑफिसमध्ये बसल्यावर कळलं. काही खर्च डोक्यामागे असतो, विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेलची अर्धी खोली, जेवण, एन्ट्री तिकिटं. आणि काही खर्च डोकी किती का असेना तेवढाच असतो, तिथली बस, तिथला गाइड, आणि सोबत येणाऱ्या टूर मॅनेजरचं तिकीट आणि त्याची खोली. हो, तो फुकट येत नाही, त्याला आपणच नेतो. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये हे जाणवत नाही, 14 मध्ये जाणवतं. आणि जायच्या तीन आठवडे आधी चोपड्याचं एक जोडपं गळालं, त्यांच्या घरी आजारपण आलं, त्यांचा काही दोष नाही. दुसऱ्या दिवशी टूरवाल्याचा मेसेज आला, ग्रुप कमी झाल्याने प्रत्येकी 6,000 जास्त भरावे लागतील.

बाकीचे भरायला निघाले होते. मी म्हटलं थांबा, आणि आमच्या यांना घेऊन ऑफिसला गेले. कापडाच्या दुकानावर जिना चढून छोटंसं ऑफिस आहे, पंखा टकटक करतो, भिंतीवर आयफेल टॉवर. म्हटलं भाऊ, बस, गाइड आणि तुमचा टूर मॅनेजर पोरगा मिळून किती खर्च धरलाय ते सांगा. आधी म्हणे असं सांगता येत नाही मॅडम, कॉस्टिंग गोपनीय असतं. मी म्हटलं तुमचं मार्जिन विचारत नाहीये, तिन्ही मिळून किती तेवढंच सांगा. चहा आला, चहा संपला, मग म्हणाला 2,10,000. मी त्याच्याच बिलाच्या पाठीमागे लिहिलं, 14 ने भागलं तर 15,000, 12 ने भागलं तर 17,500. फरक 2,500. मग 6,000 कुठून आले? तो बघतच राहिला, म्हणाला मॅडम अंदाजाने सांगितलं होतं. मी पुढे विचारलं की त्या दोघांचे 25-25 हजार ऍडव्हान्स तुम्ही ठेवून घेतलेत ना, त्यातून आमचे तीस हजार का नाही जात? तर त्याने त्यांच्या विमानाच्या तिकिटांची बुकिंग दाखवली, नॉन रिफंडेबल, पैसे त्यातच गेले होते. ते मला पटलं. शेवटी सगळ्यांचे 2,500 ठरले आणि त्याने ग्रुपवर स्वतः मेसेज टाकला, आधी चुकीचा आकडा गेला म्हणून. एक स्टार इथे कापला, पण हे सांगायला हवं की हिशोब दाखवल्यावर माणूस मानतो, अडून बसत नाही. पत्रकात एक ओळ असती, ‘हा दर 14 जणांवर आहे, कमी झाले तर इतका वाढेल’, तर ही सगळी यात्राच वाचली असती.

व्हिसाचंही सांगते. व्हिएतनामचा ई-व्हिसा आहे, सिंगल एन्ट्रीचे 25 डॉलर, ऑनलाइन. आमच्या यांच्या व्हिसावर जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटा पडला होता, 4 जुलैचा 7 एप्रिल झाला. मी प्रिंट हातात आल्या आल्या पासपोर्टशेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघितलं म्हणून दिसलं, नाहीतर मुंबईच्या काउंटरवरच कळलं असतं. टूरवाल्याने स्वतःच्या पैशाने दुसरा काढून दिला, तक्रार नाही. दाजींचा पासपोर्ट ऑगस्टमध्ये संपत होता, सहा महिने शिल्लक लागतात, तर टूरवाल्यानेच डिसेंबरमध्ये सांगून नवा काढायला लावला, याबद्दल पूर्ण मार्क. आणि मुंबईला जाताना सगळे म्हणत होते दुपारची गाडी चालेल, फ्लाइट रात्री उशिराची आहे, तर हा म्हणाला सकाळचीच घ्या, कसाऱ्याच्या घाटात गाडी किती वेळ उभी राहील याचा नेम नाही. उभी राहिलीच, पाऊण तास.

तिथलं थोडक्यात. हनोईत 18-20 डिग्री आणि वर झिमझिम, इकडे जळगावात पंखे लागलेले, त्यामुळे स्वेटर कोणी घेतलं नव्हतं. देश लांबलचक आहे, वर गारवा, मध्ये डानांगला छान ऊन, खाली हो ची मिन्हला आपल्यासारखा उकाडा, म्हणजे एकाच बॅगेत तीन ऋतू. मार्च निवडला ते बरं झालं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मधल्या भागात जोराचा पाऊस असतो, होइ आनमध्ये पाणी भरतं, आणि तिकडचं नवीन वर्ष, तेत, त्या वर्षी 29 जानेवारीला होतं, तेव्हा अर्धी दुकानं बंद आणि भाव चढे. ‘हा लाँग’ खाडीतली बोट तर काय सांगावं, सुमारे 1,600 बेटं, चुनखडीची, सकाळी धुक्यातून एकेक बाहेर येतात. बा ना हिल्सचा तो दोन मोठ्या हातांवर तोलल्यासारखा पूल, 2018 चा, 150 मीटर लांब, फोटोत हात दगडी वाटतात पण ते जाळी आणि फायबरग्लासचे आहेत, आमच्या यांनी टकटक करायला हात लांबवला तर पोचलाच नाही.

हॉटेलबद्दल अर्धा स्टार कापला. पत्रकात हनोईचं हॉटेल ‘ओल्ड क्वार्टरजवळ’, म्हणजे जुन्या शहराजवळ होतं, निघालं पाच किलोमीटरवर. संध्याकाळी मोकळा वेळ दिला की प्रत्येक वेळी ग्रॅब (तिकडची ओला-उबर) गाडी, एकेका बाजूला साठ-सत्तर हजार डोंग, म्हणजे तिकडचे पैसे. घाबरू नका, दोनशे-अडीचशे रुपये होतात. हिशोबाची सोपी युक्ती, शेवटचे तीन शून्य झाका आणि साडेतीनने गुणा, लाख डोंगचे साडेतीनशे. पण नोटा नीट बघा, वीस हजाराची निळी आणि पाच लाखाचीही निळसरच, अमळनेरच्या काकूंनी नारळपाण्याला वीस हजार समजून पाच लाखाची दिली, म्हणजे सतराशे रुपये. ती बाई भली, मागे धावत आली.

जेवणाचं. नाष्टा हॉटेलात, रात्रीचं इंडियन जेवण पॅकेजमध्ये, हॉटेलच्या सहा रात्रींपैकी पाच रात्री तेच पनीर, तीच पिवळी डाळ, तीच जिरा राइस. शेवभाजी नको म्हणत पण डाळीला जरा फोडणीचा ठसका तरी. आम्ही लाल मिरच्यांचा ठेचा नेला होता, तो चौथ्या दिवशी संपला, तेव्हा ग्रुपमधलं वातावरण खरंच बिघडलं. दुपारचं आपल्या खर्चाने होतं आणि मला विचाराल तर तेच चांगलं लागलं. शाकाहारी मागायचं तर शब्द आहे ‘चाय’. भात-भाजी-टोफूची थाळी चाळीस-पन्नास हजारात. गंमत अशी की हनोईत चहाला ‘चा’ म्हणतात. त्यामुळे दाजी पहिल्या दिवशी गाडीवर जाऊन ‘चाय, चाय’ करत होते आणि ती पोरगी त्यांना टोफू दाखवत होती, आपल्याकडे गावात म्हणतात तसा ‘चा’ म्हटलं असतं तर लगेच मिळाला असता. मासळीचा सॉस मात्र साध्या भाजीतही घालतात, कडक शाकाहारी असाल तर ‘चाय’ लिहिलेल्याच दुकानात जा.

दाजींचं सांगायचं राहिलं. यावलला त्यांची केळी आहे, सगळं आयुष्य त्यात गेलंय. हनोईच्या बाजारात केळीचा घड दिसला आणि दाजी ग्रुप सोडून तिकडेच. एक केळं मागितलं, साल सोलायच्या आधी देठ दाबून बघितला, मग मधोमध मोडून गर नखाने उकरला, वास घेतला. काकू मागून, ‘माय वं, आठे बी केळीच!’ (इथेही केळीच.) गाइड घड्याळ बघतोय, बस लावलेली, आणि दाजी त्याला विचारताहेत की फण्या कशा भरतात, खोक्यात की कॅरेटमध्ये, आणि शेतकऱ्याला किलोमागे काय सुटतं. गाइडला काही सांगता येईना. मग टूर मॅनेजर पोरगा, धुळ्याचा, त्याने फोनवर ट्रान्सलेट लावून त्या बाजारवालीला विचारलं, आणि अख्खा ग्रुप पंधरा मिनिटं थांबला, कोणी कुरकुर केली नाही. चाळीस जणांच्या बसमध्ये हे झालं नसतं, मॅनेजरने शिट्टी मारून बसमध्ये बसवलं असतं. छोट्या ग्रुपचे जे 17,500 गेले त्यातले बरेचसे माझ्या मते तिथेच वसूल झाले.

त्या पोरालाच पाच स्टार देईन खरं तर. अहिराणीत काकूंशी, मराठीत आमच्याशी, इंग्रजीत गाइडशी. ‘कू ची’ नावाचे युद्धकाळातले बोगदे बघायला गेलो, ते जवळपास 250 किलोमीटरचं जाळं आहे, तिथे युद्धातलं खाणं म्हणून उकडलेला कसावा देतात, सोबत शेंगदाणा-तिळाचं कूट. 10 तारीख होती, एकादशी, माझ्या बहिणीचा उपास. पोरगा म्हणाला मावशी, साबुदाणा याच कंदाचा होतो, चालेल. मग तीळ चालतात की नाही यावर काकू आणि बहीण यांच्यात बोगद्याच्या तोंडाशी चर्चा झाली, शेवटी नुसतं मीठ लावून खाल्लं.

आणि हो, सोन्याचा भाव विचारलाच, जळगावची माणसं आम्ही. तिथे सोनं लूओंगमध्ये मोजतात, एक लूओंग म्हणजे 37.5 ग्रॅम. आमच्या यांनी फोनवर गुणाकार करून मान हलवली, आपला जळगावचा सराफबाजारच बरा.

आता आमचा दोघांचा खरा खर्च. पॅकेज 2,31,525. ते वाढीव 2,500, टॅक्स धरून दोघांचे साडेपाच हजार. जळगाव-मुंबई येणं-जाणं आणि टॅक्सी 6,000. सहा दुपारची जेवणं, फळं, नारळपाणी मिळून 6,000. टिप माणशी रोज 3 डॉलर, नऊ दिवसांची, दोघांचे 54 डॉलर म्हणजे 4,700, आणि ही टिप पत्रकात सगळ्यात खाली बारीक अक्षरात होती, ऐच्छिक नाही, पहिल्याच दिवशी गोळा करतात. ग्रॅब, सिमकार्ड, बोटीवरचं पाणी (बोटीत बाटलीचे वेगळे पैसे लावले, आपली बाटली बाहेर काढू देईनात) 4,500. खरेदी 14,000, त्यात कॉफी आणि आकाशकंदील, आकाशकंदील घेऊ नका, बॅगेत चेपतो. बेरीज 2,72,000 च्या आसपास. टीसीएसचे 11 हजार रिटर्नमध्ये परत मागायचे. पत्रकाच्या हिशोबाने दोघांचे 2,10,000 होत होते, म्हणजे 62 हजारांचा फरक, त्यातली खरेदी आमची हौस, बाकी 48 हजार आधी माहीत असायला हवे होते. आम्ही 2,50,000 काढून ठेवले होते, वरचे बावीस दाजींकडून हातउसने घेतले, जळगावला आल्यावर दिले.

मागच्या आठवड्यात त्याच टूरवाल्याचं बालीचं पत्रक आलं, ‘छोटा ग्रुप, फक्त...’ आणि पुढे आकडा. मी खाली लिहिलं, भाऊ, हा दर किती जणांवर? दोन निळ्या टिक पडल्यात, उत्तर अजून यायचंय.