कॅम्पसवरचा डिस्क गोल्फ की पार्कातला? नॉर्थ कॅरोलायनात शार्लटकडे एमएसला येणाऱ्यांसाठी

ऑगस्टमध्ये नवीन बॅच आली की हा प्रश्न हमखास येतो. कॅम्पसवर फिरताना साखळ्या लटकवलेल्या लोखंडी बास्केट दिसतात, कोणीतरी सांगतं की हा डिस्क गोल्फ, फुकट आहे, मग पुढचं म्हणजे इथंच खेळू का गाडीवाल्या सीनियरला पटवून पार्कात जाऊ. माझं मत आधीच सांगतो, पहिलं सेमिस्टर कॅम्पस, दुसऱ्यापासून पार्क, आणि पैसे भरून खेळायची मैदानं, म्हणजे कोर्स, नोकरी लागेपर्यंत विसरा. आता कारणं, कारण प्रत्येकाचं गणित वेगळं असू शकतं.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. नियम गोल्फचेच, फक्त बॉल आणि स्टिकच्या जागी डिस्क. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून फेकायची, जिथे पडेल तिथून पुढची फेकायची, बास्केटमध्ये पडेपर्यंत मोजायचं, हे एक होल झालं, कमीत कमी थ्रोमध्ये जो संपवेल तो जिंकला. आधी लोक दिव्याचे खांब, झाडं, कचऱ्याचे डबे असलं काहीही टार्गेट धरून खेळायचे. मग 1975 मध्ये कॅलिफोर्नियात पासाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स झाला, तो एड हेड्रिकने केला, साखळ्यांची बास्केटही त्याचीच आणि 1976 मध्ये पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटनाही त्यानेच काढली. 2002 मध्ये तो गेल्यावर त्याची राख मिसळून डिस्क बनवल्या, ही त्याचीच इच्छा होती म्हणे. असो.

कॅम्पसचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे गाडी लागत नाही. हे भारतात बसून वाचताना किरकोळ वाटेल पण इथे पहिल्या वर्षी गाडी नसलेला माणूस म्हणजे किराण्यासाठीपण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणारा माणूस, त्याला शनिवारी सकाळी पार्कात कोण नेऊन सोडणार आणि मुख्य म्हणजे परत कोण आणणार. कॅम्पसवर लॅबमधून साडेपाचला बाहेर पडलात, बॅगेत दोन डिस्क आहेत, नऊ होल तासाभरात होतात, घरी जाऊन कुकर लावायला मोकळे. टॉयलेट आहे, पाण्याचं मशीन आहे, विजा चमकायला लागल्या तर पळत जायला बिल्डिंग आहे, आणि इथे उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी पाऊस कधी येईल सांगता येत नाही. काही युनिव्हर्सिटींच्या रेक सेंटरमध्ये, म्हणजे जिम-खेळाच्या इमारतीत, स्टुडंट आयडी दाखवून डिस्क खेळायला मिळतात, आधी तिथे विचारा, विकत घ्यायची घाई नको.

आता अडचण. कॅम्पस मुळात खेळायला बांधलेला नसतो, बास्केट उरलेल्या जागेत बसवलेल्या असतात. आमच्या इथलं एक होल सांगतो म्हणजे लक्षात येईल. टी एका हॉस्टेलच्या मागे, समोर उतार, डाव्या हाताला पार्किंग लॉट, उजवीकडे फुटपाथ, आणि बास्केट उताराच्या शेवटी सायकल स्टँडच्या जरा अलीकडे. अंतर काहीच नाही, अडीचशे फुटांच्या आत. पण पार्किंग ओबी, म्हणजे आउट ऑफ बाउंड्स, तिथे डिस्क गेली की एक थ्रोचा दंड, फुटपाथ ओलांडला की तोही ओबी, आणि मध्ये एक ओकचं झाड आहे ज्याच्या डावीकडूनच डिस्क गेली पाहिजे, याला मँडो म्हणतात. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून ओढून, फेकणाऱ्याची डिस्क वेग कमी झाला की डावीकडेच वळते, म्हणजे झाडाच्या डावीकडून काढायची आणि आणखी डावीकडच्या गाड्यांवर जाऊ द्यायची नाही, असा तो प्रकार. एवढंसं होल पण डोकं चालवायला लावतं.

आणि माणसं! पावणेदोनशे ग्रॅमची कडक प्लास्टिकची डिस्क आहे, बीचवरची मऊ फ्रिसबी नाही, डोक्याला लागली तर टाके पडतील आणि गाडीच्या काचेला लागली तर खर्च तुमचा. समोरून येणाऱ्यांच्या कानात इअरबड, हातात फोन, तुम्ही सावध करायला ‘फोर’ म्हणून ओरडलात तरी ऐकू जात नाही. त्यामुळे नियम सोपा ठेवायचा, फुटपाथवर माणूस दिसतोय तोवर हात वर करायचाच नाही, चालणाऱ्याचा हक्क पहिला. लेक्चर सुटायच्या वेळेला तर जाऊच नका, एक होल खेळायला पंधरा मिनिटं लागतात. शनिवार-रविवारी सकाळी आणि सेमिस्टरच्या सुट्टीत कोर्स रिकामा असतो, तेव्हा खरी मजा. फुटबॉलची होम मॅच असेल त्या दिवशी मात्र नाव काढू नका, अर्ध्या बास्केटभोवती गाड्या लागलेल्या असतात.

पार्कातला कोर्स ही वेगळीच चीज आहे. शार्लट या खेळाच्या बाबतीत नशीबवान शहर आहे, हॉर्नेट्स नेस्ट, रेनेसाँ, रीडी क्रीक अशी एकाहून एक पार्कं आहेत, 2012 ची प्रो वर्ल्ड चॅम्पियनशिप इथेच झाली आणि पॉल मॅकबेथने त्याचं पहिलं विजेतेपद इथेच घेतलं. हाच तो, ज्याने पुढे 2021 मध्ये डिस्कक्राफ्ट कंपनीशी दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला. इकडचे कोर्स बहुतेक जंगलातले. उंच पाइन, अरुंद फेअरवे (टीपासून बास्केटपर्यंतची वाट), लाल चिकणमाती, झाडांची मुळं वर आलेली. ओपन मैदानात दोनशे फूट सरळ फेकणारा माणूस इथे पहिल्याच झाडाला डिस्क मारतो, आणि तो टक्क आवाज सगळ्या ग्रुपला ऐकू जातो. ताकदीचा उपयोग शून्य, हात सरळ सुटला पाहिजे. लांब फेकण्यापेक्षा नेमकं फेकायला शिकायचं असेल तर पार्काला पर्याय नाही, कॅम्पसच्या हिरवळीवर ही सवय लागतच नाही. फोरहँडही इथेच शिकाल, मनगटाच्या झटक्याने बाजूने फेकायचा, लहानपणी तळ्यावर चपट्या दगडाने भाकऱ्या काढल्या असतील तर हात आपोआप बसतो. आपली पोरं बॅकहँडपेक्षा हा पटकन उचलतात हे मी बघितलंय.

पण जंगल म्हटलं की जंगलातलं सगळंच आलं. पॉयझन आयव्ही नावाची तीन-तीन पानांची वेल असते, तिला हात-पाय लागला की लगेच काही होत नाही, दोन दिवसांनी फोड येतात आणि खाज आठवडाभर किंवा जास्तच जात नाही. डिस्क त्यात पडली तर काठीने ओढून काढा, आणि डिस्कपण धुवा कारण तो चीक तिच्यावर राहतो. टिक म्हणजे गोचीड, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेला बघायचं. कॉपरहेड साप पालापाचोळ्यात इतका मिसळून जातो की दिसत नाही, त्यामुळे पानात थेट हात घालायचा नाही. फुल पँट घाला, घाम आला तरी चालेल. हे वाचून घाबरू नका, लोक रोज खेळतात, फक्त शॉर्ट्स आणि चप्पल घालून जाणाऱ्याची मला काळजी वाटते.

डिस्क हरवण्याचं प्रमाणही पार्कात जास्त. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानगळीत लाल आणि केशरी डिस्क घेऊन जंगलात जाणं म्हणजे दान करणं, भडक गुलाबी किंवा आकाशी घ्या. खालच्या बाजूला मार्करने नाव आणि फोन नंबर लिहा, सापडली तर लोक खरंच मेसेज करतात. कॅम्पसवर तलाव असेल तर मात्र तिथे जपा, बहुतेक डिस्क बुडतात.

पैशाचं म्हणाल तर दोन्हीकडे फुकट, म्हणून पैशावरून ठरवायचा प्रश्न नाही. फी घेणारे खासगी कोर्स आहेत, गवत छान कापलेलं, टी पॅड सुंदर, पण शिकाऊ माणसाची डिस्क महागड्या झाडालाही तशीच लागते. खर्च फक्त डिस्कचा, साध्या प्लास्टिकची साधारण दहा डॉलरला येते, चांगल्या प्लास्टिकची अठरा-वीसला, आणि जुन्या स्पोर्ट्सच्या सामानाच्या दुकानात वापरलेल्या त्याहून स्वस्त.

सोबतीच्या बाबतीत पार्क पुढे आहे, अगदी स्पष्ट. बऱ्याच पार्कांत आठवड्यातून एक दिवस डबल्स असतात, चिठ्ठी काढून जोड्या लावतात, म्हणजे तुम्ही नवखे आणि तुमचा पार्टनर वीस वर्षं खेळणारा प्लंबर असं होऊ शकतं, आणि तो न कंटाळता शिकवतो. युनिव्हर्सिटीबाहेरची अमेरिका बघायची असेल तर याच्याएवढी सोपी जागा मला दुसरी माहीत नाही. कॅम्पसवर क्लब असला तरी दर मे महिन्यात निम्मे लोक पास होऊन निघून जातात.

कॅम्पसचा कोर्स म्हणजे पोरखेळ असं समजणाऱ्यांनी एकदा रॉक हिलला जाऊन यावं. शार्लटच्या दक्षिणेला, साउथ कॅरोलायनात, साधारण पंचवीस मैल. तिथल्या विन्थ्रॉप युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर 1999 पासून युनायटेड स्टेट्स डिस्क गोल्फ चॅम्पियनशिप होते, जगातल्या सगळ्यात मानाच्या स्पर्धांपैकी एक. मोकळी हिरवळ, तलाव, आणि स्पर्धेसाठी दोऱ्या बांधून आखलेले ओबी, म्हणजे आमच्या हॉस्टेलमागच्या होलचंच तत्त्व, फक्त मोठ्या प्रमाणात. सतराव्या होलवर बास्केटभोवती वाळलेल्या गवताचे गठ्ठे रचून बेट केलेलं असतं, अंतर जेमतेम अडीचशे फूट, आपल्यालाही पोचेल असं. पण डिस्क आत राहिली नाही तर दंड घेऊन परत टीवरून, आणि तिथे आघाडीवरच्या प्रोंचेही स्कोअर उद्ध्वस्त झालेत. स्पर्धेच्या आठवड्यात बघायला जा, प्रो किती शांतपणे पट, म्हणजे बास्केटजवळचा शेवटचा थ्रो, मारतात ते जवळून दिसतं, तुम्ही तिथे खेळला नाहीत तरी चालेल.

डिस्क कुठल्या? दुकानात गेलात की तुमचा हात 12-13 स्पीडच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे लांब फेकायच्या डिस्ककडे जाईल, तो घेऊ नका, नवख्याच्या हातून त्याला पुरेसा वेग मिळत नाही आणि तो लगेच डावीकडे कोसळतो. डिस्कवर चार आकडे असतात, स्पीड (किती वेग लागतो), ग्लाइड (किती तरंगते), टर्न (वेगात असताना किती वळते), फेड (वेग कमी झाल्यावर किती वळते). कॅम्पससाठी एक पटर (बास्केटजवळून टाकायला) आणि एक मिडरेंज (मधल्या अंतराला) पुरे, इनोव्हाची एव्हिआर (2, 3, 0, 1) आणि डिस्कक्राफ्टची बझ (5, 4, -1, 1) या जोडीवर वर्षभर काढता येईल. पार्कात जायला लागलात की लेपर्डसारखा एखादा फेअरवे ड्रायव्हर घ्या. वजन दीडशे-एकशे साठ ग्रॅमच्या आसपास असलं तर हाताला सोपं जातं.

मग कोणी काय निवडायचं. गाडी नाही, असाइनमेंट डोक्यावर आहेत, एकट्यानेच खेळायचंय, तर कॅम्पस, विचारच करू नका. उन्हाळ्यात आई-बाबा आले असतील तरीपण कॅम्पस, त्यांना चालणं होतं, बसायला बाक असतो, आणि ‘कुणाला लागेल रे, बघून टाक’ हे आईचं सांगणं तिथे नियम म्हणूनच उपयोगी पडतं. रूममेट्सपैकी एकाकडे गाडी आली, शनिवारची सकाळ मोकळी आहे, अठरा होलला दोन-अडीच तास द्यायची तयारी आहे, तर पार्क. एक लक्षात ठेवा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि त्यानंतर संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचलाच अंधार होतो, तेव्हा पार्कातलं जंगल वीकडेला बाद. कॅम्पसवर दिवे असतात, डिस्कच्या खाली छोटा एलईडी टेपने चिकटवला की डिसेंबरमध्येही लॅबनंतर नऊ होल होतात, फक्त थंडीत प्लास्टिक कडक होतं आणि ओल्या बोटांतून सुटतं, खिशात एक कोरडा नॅपकिन असू द्या.