डेबियन १२ : टंकलेखनाच्या जुन्या लॅपटॉपवर

नाशिकला सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाच्या परिसरात मी अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाइप करून देतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर आधी मी पूर्णपणे मुक्त म्हणवणारी एक लिनक्स प्रणाली (विंडोजच्या जागी चालणारी) बसवली होती. बंद स्रोताचा, म्हणजे ज्याचा मूळ कोड पाहता-बदलता येत नाही असा, एकही तुकडा आत येऊ द्यायचा नाही, हा तिचा नेम असल्याने माझ्या वायफाय कार्डाला चालायला लागणारे छोटे सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअरही तिच्यात नव्हते. महिनाभर मी फोन केबलने जोडून इंटरनेट वापरले. ती केबल स्टँपपेपरांच्या गठ्ठ्यामागून यायची आणि पक्षकाराने सहीसाठी कागद ओढला की हमखास निसटायची.

त्यानंतर डेबियन १२ ही दुसरी लिनक्स प्रणाली बसवली आणि वायफाय पहिल्याच फटक्यात सुरू झाले. याचे कारण तांत्रिक कमी आणि वैचारिक अधिक आहे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून बंद स्रोताचे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये (प्रणाली बसवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) घेण्याचे ठरवले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीत ते प्रत्यक्षात आले. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेले फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन मात्र डेबियनची शिफारस त्याआधीही करत नव्हते, कारण अमुक्त सॉफ्टवेअरचा वेगळा विभाग डेबियन पूर्वीपासून आपल्या सॉफ्टवेअरच्या भांडारात ठेवत आले आहे. गंमत अशी, की १९९८ मध्ये रूढ झालेल्या 'ओपन सोर्स' (खुला स्रोत) या संज्ञेची व्याख्या ज्या मार्गदर्शक तत्त्वांवरून बेतली, ती तत्त्वे डेबियनचीच. फाउंडेशनच्या लेखी सॉफ्टवेअर चालवण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य हा नैतिक हक्क आहे. ओपन सोर्सवाले मात्र खुल्या स्रोतामुळे काम अधिक चांगले होते, यावर भर देतात.

माझ्यासारख्याला यातले कोणते स्वातंत्र्य हवे? पहिल्या प्रणालीने माझे तत्त्व सांभाळले, पण निवड माझ्या हाती ठेवली नाही. डेबियन निवड देते, मात्र ती पुरेशी समोर मांडत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. गरज भासली की इन्स्टॉलर फर्मवेअर आपणहून घेतो; ते नको असेल तर सुरुवातीलाच 'फर्मवेअर=नेव्हर' हा पर्याय इंग्रजी अक्षरांत टाइप करावा लागतो, जो माहीत नसलेल्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा. एक साधा प्रश्न पडद्यावर विचारला असता तर काय बिघडले असते?

बाकी कामाबद्दल तक्रार नाही. लिब्रेऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक नीट चालतो आणि लोहित देवनागरी फाँटमधील जोडाक्षरे छापताना फुटत नाहीत. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेले मसुदे मात्र नव्याने टाइप करावे लागले, आणि त्यात माझे दोन रविवार गेले. पाचपैकी चार तारे. पाचवा त्या न विचारलेल्या प्रश्नापायी कापला आहे.