खुराची पावडर नऊ महिने दिली: आमच्या रेश्माच्या टापांचा अनुभव

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मूर्तिजापूरच्या एका वरातीत आमच्या घोडीच्या, रेश्माच्या, पुढच्या डाव्या पायाची नाल निघाली, आणि निघाली ती खुराच्या भिंतीचा बोटभर तुकडा घेऊनच. नवरदेवाला खाली उतरवावं लागलं. बाबा तिला धरून पायी बाजूला घेऊन आले तेव्हा ती तो पाय टेकवत नव्हती. पुढच्या चार सुपाऱ्या परत केल्या. ज्यांच्या घरी वरातीची घोडी आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

मे महिन्यात तालुक्याच्या दुकानातून खुरासाठीची पावडर आणली. डब्यावर बायोटिनचं, म्हणजे खुराला लागणाऱ्या एका जीवनसत्त्वाचं, नाव मोठ्या अक्षरांत होतं. पोळ्यापर्यंत नेमाने दिली, फरक शून्य. मग डबा घेऊन दवाखान्यातल्या डॉक्टर साहेबांकडे गेले. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचायला लावली: एका किलोत ५० मिलिग्रॅम बायोटिन, रोजचा डोस ३० ग्रॅम. म्हणजे घोडीच्या पोटात रोज दीड मिलिग्रॅम. पाचशे किलोच्या घोड्याला १५ ते २० मिलिग्रॅम लागतं. साडेतीन महिने आणि तेवढे पैसे असे गेले. त्याचा राग मला अजून आहे, कारण घोडीवर पोट असलेला माणूस हे पैसे कसे काढतो ते मी रोज बघते.

तिचं वजन काढायला काटा कुठून आणणार? डॉक्टरांनी टेपचा हिशेब सांगितला. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. रेश्माचा घेर १६५, लांबी १५०, म्हणजे साधारण ३४४ किलो. तिला १४ मिलिग्रॅमच्या आसपास बायोटिन पुरेसं. दुसरी पावडर मी याच हिशेबाने निवडली: किलोला ५०० मिलिग्रॅम, ३० ग्रॅममध्ये १५. शिवाय तिच्यात मेथिओनिन, जस्त आणि तांबं होतं. खूर केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं आणि केराटिनला गंधकवाली अमिनो आम्लं लागतात, म्हणून मेथिओनिन. जस्त आणि तांबं तीनास एक किंवा चारास एक अशा प्रमाणात हवं. नुसतं जस्तच वाढवलं तर तांबं अंगी लागत नाही. एक किलोचं पाकीट तेहेतीस दिवस पुरतं.

खाऊ घालणं हे वेगळंच काम निघालं. मेथिओनिनला उग्र वास असतो. पहिले चार दिवस तिने घमेल्यात नाक घातलं, फुरफुरली आणि मागे सरली. कोरडी पावडर दाण्यावर टाकली की तळाशी बसते, ती दाणे वेचून खाते आणि पावडर तशीच राहते. मग घरचं जवस रोज मूठभर ताजं दळून थोड्या पाण्यात कालवायचं, त्यात पावडर मिसळायची आणि भिजवलेल्या हरभऱ्याला चोळून द्यायचं, असं सुरू केलं. आता घमेलं चाटूनपुसून साफ असतं. पावसाळ्यात पावडरीचे गोळे होतात, म्हणून पाकीट स्टीलच्या घट्ट डब्यात, कोठ्यात नाही तर घरात.

डॉक्टरांनी खुराकही बदलायला लावला, आणि माझ्या मते अर्धं काम त्यानेच झालं. आम्ही तिला रोज दोन किलो गव्हाचा कोंडा द्यायचो. घोड्याला कोंडा चांगला, हे आमच्याकडे आजोबांपासून चालत आलेलं. पण कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो, आणि तो ज्या रूपात असतो ते कॅल्शियम आणि जस्त दोन्ही अडकवून ठेवतं. कोंडा हळूहळू मुठीवर आणला आणि विहिरीजवळच्या तुकड्यातला लसूणघास सुरू केला. कच्ची अंडीही बंद केली. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग बायोटिनला बांधून ठेवतो. इकडे पावडर द्यायची आणि तिकडे कच्चं अंडं, म्हणजे आपलेच पैसे वाया.

आता फरकाचं. पोळ्यानंतर लगेच मी केसांच्या रेषेखाली खुरावर कानशीने अगदी हलकी खूण केली आणि दर महिन्याला पट्टीने मोजत गेले. सात-आठ मिलिमीटर, प्रत्येक महिन्याला जवळपास तेवढंच. पावडरीने वाढीचा वेग वाढला असं मला दिसलं नाही. वाढून येणारं खूर मात्र बदललं. डिसेंबरात वरची दोन सेंटिमीटरची पट्टी गुळगुळीत, घट्ट होती आणि तिच्या खाली जुनं, पापुद्रे सुटलेलं, चिरा पडलेलं खूर. मधली रेघ नखाने चाचपली तरी कळायची. पण तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या सुरू झाल्या तेव्हा नाली पूर्वीसारख्याच निघत होत्या, आणि मी खचले होते. खिळे ठोकतात ते खालच्या भागात, आणि तिथे अजून जुनंच खूर होतं. नवीन खूर खिळ्यापर्यंत उतरायलाच चार-पाच महिने लागतात. १९९५ सालच्या लिपिझानर घोड्यांवरच्या अभ्यासातही रोज २० मिलिग्रॅम बायोटिन देऊन फरक दिसायला नऊ महिने लागले होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नालबंद चाचा खिळा ठोकताना थांबले आणि मला जवळ बोलावलं. "आवाज आयक बेटा. पयले भुसकट होत होती, आता खिळा धरते." मी कान देऊन ऐकलं. पूर्वी प्रत्येक ठोक्याला भुसभुशीत, फुटका आवाज यायचा. आता टणक, सरळ ठोका होता आणि खिळ्याच्या टोकाशी एकही कपची उडाली नाही. चाचा पूर्वी नाल पडली की यायचे, आता दर सहा आठवड्यांनी येतात. या नेमाने तासण्याचाही वाटा आहे, म्हणून सगळं श्रेय मी पाकिटाला देणार नाही.

घेणाऱ्यांसाठी दोन इशारे. एकदम दोन कंपन्यांच्या पावडरी देऊ नका. दोन्हींत सेलेनियम हे खनिज असलं तर ते जास्त होतं, आणि जास्त सेलेनियमने आयाळ गळते, खूर फाटतं. आणि पैसे वाचवायला कोंबड्यांचं किंवा गुरांचं तयार खाद्य घोड्याच्या घमेल्यात टाकू नका. त्यात मोनेन्सिन हे खाद्यात मिसळायचं औषध असलं तर थोड्या मात्रेतही घोडा दगावू शकतो. खुराला डिझेल, जळकं ऑइल लावणंही आम्ही सोडलं.

या लग्नसराईत एकही नाल वरातीत निघाली नाही. पुढच्या दोन्ही पायांची जुनी चीर गेल्या मंगळवारी कानशीखाली संपली. मागच्या उजव्या पायाची अर्धा सेंटिमीटर बाकी आहे, ती पुढच्या तासणीत जाईल. बंद केलं तर नवीन येणारं खूर पुन्हा कमजोर होऊ शकतं, म्हणून पावडर चालू ठेवली आहे. पाऊस तोंडावर आला आहे, काळ्या मातीचा चिखल तिच्या टापांत भरायला नको म्हणून बाबा सध्या कोठ्यात मुरूम टाकत आहेत.