कात्सुनुमा-बुदोक्यो : द्राक्षबागांच्या उतारावरचे स्थानक

तोक्योहून कोफूकडे जाणारी चुओ मार्गावरची गाडी बोगद्याबाहेर पडताच समोर अवघे कोफू खोरे उघडे होते आणि लगेचच यामानाशी प्रांतातले हे स्थानक येते. ‘बुदो’ म्हणजे द्राक्ष. हे नाव १९९३ साली मिळाले असले तरी स्थानक १९१३ पासूनचे आहे. बहुतेक प्रवासी उतरल्या उतरल्या वाईन चाखायला निघून जातात, पण माझ्या मते या स्थानकालाच निदान दोन तास द्यायला हवेत.

इथला चढ इतका तीव्र आहे की वाफेच्या इंजिनाला उतारावर थांबलेली गाडी पुन्हा ओढणे कठीण जाई, म्हणून बाजूच्या सपाट फाट्यावर फलाट बांधून गाडी मागेपुढे करून तिथे घेतली जात असे. ही पद्धत १९६८ मध्ये बंद झाली. तो जुना फलाट मात्र चेरीच्या झाडांखाली जपून ठेवला आहे.

तिथून काही मिनिटांवर १९०३ सालचा ओहिकागे बोगदा आहे. १९९७ पर्यंत त्यातून गाड्या धावत. आता सुमारे १.४ किलोमीटरची ती पायवाट आहे. विटांच्या भिंती धुराने काळवंडलेल्या, रूळ जागच्या जागी, आणि सप्टेंबरच्या उकाड्यातून आत शिरल्यावर लागणारा गारवा! तो संध्याकाळ होण्याआधीच बंद होतो, म्हणून आधी बोगदा पाहावा. पुढचा दुसरा जुना बोगदा वाईन साठवायला वापरतात, यातच या गावाचे सगळे आले.

स्थानकासमोरच्या टेकडीवरचे ‘बुदो नो ओका’ हे वाईन-केंद्र पायी वीसेक मिनिटांवर आहे. वाट मांडवांच्या कडेने जाते आणि मी नाशिकची असल्यामुळे तिथे बराच वेळ रेंगाळले. पावसापासून जपण्यासाठी एकेका घडावर कागदाची छोटी टोपी घातलेली होती. आपल्याकडे उन्हासाठी घडांना कागद लावतात, तेवढीच निगुती इथेही दिसली. टेकडीवरच्या तळघरात पैसे भरून धातूची चपटी वाटी घ्यायची आणि शंभराहून अधिक वाईनमधून हवी ती चाखायची. फिकट गुलाबी सालीच्या कोशू द्राक्षाची पांढरी वाईन मला सर्वांत आवडली. ती हलकी आणि आंबटसर आहे.

शेवटचा चढ गुडघे दुखणाऱ्यांना जड जाईल. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच टिपून ठेवावी आणि उरलेला वेळ फलाटावरून दिसणाऱ्या जपानी ‘दक्षिण आल्प्स’ डोंगररांगेसाठी राखावा.