मुंबईच्या हवेत क्रेमोनाचा चेलो: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं, गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं वाद्य. इटलीतल्या क्रेमोनाच्या एका कारागिराने एकट्याने घडवलेला चेलो गेल्या हिवाळ्यात माहीमच्या घरी आणला. त्यानंतर त्याने इथला मे महिना पाहिला, अख्खा पावसाळा पाहिला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. दुकानात अर्धा तास वाजवून लिहिलेले अनुभव मी खरेदीआधी भरपूर वाचले. त्यातलं फारसं काही मुंबईत कामाला येत नाही.

आवाज गोड आहे का, हे सगळे विचारतात. कारखान्यात बनलेला माझा आधीचा चेलोही गोडच होता, खोटं कशाला बोला. फरक पडला तो प्रतिसादात. जुन्या वाद्यावर सगळ्यात खालच्या सी तारेवर बो (गज) टेकवला की स्वर उमटायला किंचित उशीर व्हायचा, आणि जोर वाढवत गेलं की एका हद्दीनंतर आवाज मोठा व्हायचं सोडून चिरडायचा. इथे बो टेकतो तिथेच स्वर सुरू होतो. ब्रिजजवळ (तारा उचलून धरणारी लाकडी घोडी) वाजवा, फिंगरबोर्डाकडे (बोटं दाबायची पट्टी) सरका, दर दोन बोटांवर आवाजाचा रंग बदलतो. पण हा काहीही झाकून घेत नाही. बोट नेमकं जागेवर पडलं तर शेजारची मोकळी तार आपोआप घुमते. केसभर सरकलं तर ती गप्प, आणि स्वर पोकळ. सुरुवातीचे काही आठवडे माझे स्केल्स (आरोह-अवरोह) जुन्या वाद्यावरच्यापेक्षा वाईट वाटत होते. माझे सर मूळचे गोव्याचे, उमेदीची वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत वाजवण्यात गेलेली. ते ऐकून खूष झाले. "आता तुला काय शिकवायचं ते तरी कळतंय," म्हणाले.

मॉडेल, म्हणजे ज्या नमुन्यावर वाद्य घडवलं तो, मोंतान्याना या जुन्या कारागिराचं घेतलं. आज बहुतेक चेलो क्रेमोनाच्या जुन्या कारागिराने, स्ट्रादिव्हारीने, 1707 च्या सुमारास ठरवलेल्या मापावर बनतात, त्यांची पेटी साधारण 75-76 सेंमी लांब असते. व्हेनिसच्या मोंतान्यानाचे चेलो त्याहून आखूड आणि रुंद. खालच्या तारांना त्यामुळे भरदार घुमारा येतो, पण अंगठा फिंगरबोर्डावर घेऊन वरच्या स्वरांपर्यंत जाताना पेटीचा रुंद खांदा हाताला आड येतो. तुमची उंची बेताची असेल तर आधी हेच तपासा.

वुल्फबद्दल विक्रेते आपणहून बोलत नाहीत. पेटीची स्वतःची कंपनं आणि तारेची कंपनं एकाच स्वरावर भिडली की तो स्वर थरथरतो, गुरगुरतो. माझ्याकडे तो एफ आणि एफ शार्पच्या मधे बसलाय. मोकळेपणाने बोलणाऱ्या वाद्यात तो बहुधा असतोच. ब्रिजच्या खाली 'जी' तारेवर पितळी नळी बसवून पुष्कळसा आवरला, उरलेला गुडघ्यांनी पेटी किंचित दाबून.

आता पाऊस. चेलोची वरची फळी स्प्रूसची, मागची मेपलची. दमट हवेत लाकूड आडवं फुगतं, वरच्या फळीची कमान उचलली जाते, तिच्याबरोबर ब्रिज आणि ब्रिजबरोबर तारा. जुलैत तारा इतक्या वर आल्या की डाव्या हाताची बोटं दुखायला लागली. त्यात नव्या वाद्याची मान पहिल्या वर्षात तारांच्या ओढीने थोडी बसतेच, म्हणजे दुहेरी त्रास. उपाय म्हणून कमी उंचीचा दुसरा ब्रिज करून घेतला. हा पावसाळी ब्रिज वाद्य घेतानाच मागून घ्या, नंतर करवणं महाग पडतं. ब्रिज बदलताना सगळ्या तारा एकदम सैल करू नका. आतला साउंडपोस्ट (दोन फळ्यांमधली छोटी काठी) नुसत्या दाबावर उभा असतो, तो पडतो.

ऑगस्टमध्ये खालच्या कडेचा सांधा थोडा उकलला आणि 'जी' तारेवर झणझण सुरू झाली. घाबरायचं कारण नव्हतं. सांधे जनावरांच्या कातडीपासून केलेल्या सरसाने जोडलेले असतात, आणि फळीच्या कडेला तो मुद्दाम पातळ लावतात, म्हणजे ताण आला की सांधा सुटतो, फळी तडकत नाही. गरम सरस, क्लॅम्प, एक रात्र, झालं. फक्त फेव्हिकॉलवाल्या सुताराकडे नेऊ नका. तो सांधा पुन्हा कधी सुटणार नाही, आणि पुढच्या वेळी फळी फाटेल.

आता खोलीत डीह्युमिडिफायर चालतो, केसमध्ये (वाद्य ठेवायच्या खोक्यात) आर्द्रतामापक आहे, काटा 50 टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न. वीजबिलाबद्दल घरी बोलणी खातो. मेमध्ये ऑइल व्हार्निश इतकं मऊ झालं की केसच्या अस्तराची खूण पाठीवर उमटली. तेव्हापासून मधे मऊ सुती कापड घालतो.

तारा पुष्कळजण वापरतात त्याच: वरच्या दोन लार्सन कंपनीच्या, खालच्या दोन टंगस्टनच्या, स्पिरोकोर नावाच्या. स्पिरोकोर पहिले काही आठवडे कर्कश वाटतात, तेवढं सोसायचं. घामामुळे सगळ्यात वरची ए तार इथे लवकर खराब होते.

कुणी घ्यावा? रोज वाजवणाऱ्याने, ज्याला जुन्या वाद्याची हद्द हाताला लागली आहे त्याने. साउंडपोस्ट बसवू शकणारा माणूस तुमच्या शहरात नसेल, तर एका मोटारीची किंमत असल्या वाद्यात घालण्याआधी चांगल्या वर्कशॉपमध्ये बनलेला, कोरीव फळ्यांचा चेलो घ्या आणि उरलेल्या पैशात सेट-अप (ब्रिज, साउंडपोस्ट, तारांची जुळणी) नीट करून घ्या. निम्मा फरक तिथेच भरून निघतो. प्लायवूडचा मात्र नको, पावसात कितीही दणकट असला तरी.

बो अजून कार्बन फायबरचाच ठेवलाय. पर्नांबुको या ब्राझिली लाकडाचा घ्या असा आग्रह झाला होता, पण ते लाकूड 2007 पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, कागदपत्रं पारखून घ्यावी लागतात, आणि दमट हवेत बोला लावलेले घोड्याचे केस सैल पडतात ते पडतातच. पुढच्या हिवाळ्यात एकदोन वाजवून बघेन.