बायकोचं बिझनेस क्लासचं तिकीट खरं होतं, माइल्स चोरीचे होते

टोकियोला हानेडा एअरपोर्टवर माझा बोर्डिंग पास निघाला आणि बायकोचा निघेना. काउंटरवरची मुलगी पंधरा मिनिटं स्क्रीनकडे बघत होती, मग तिने सीनियरला बोलावलं, त्यांनी कुठेतरी फोन लावला आणि शेवटी सांगितलं की मॅडमचं तिकीट दोन दिवसांपूर्वीच रद्द झालंय. ही माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, माझंच कसं रद्द झालं? तुमचं तर आहे." तोंडातून शब्द फुटला नाही माझ्या.

आता पहिल्यापासून सांगतो. रिटायर झाल्यावर दोघांनी एकदा जगप्रदक्षिणा करायची हे पंधरा वर्षांपासून ठरलेलं होतं. क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स मी त्यासाठीच साठवले, कधी एक व्हाउचरसुद्धा घेतलं नाही. हे पॉइंट्स एअरलाइनच्या माइल्समध्ये, म्हणजे पैशांऐवजी देऊन तिकीट काढता येतं अशा त्यांच्या पॉइंट्समध्ये, बदलता येतात. स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटातल्या विमानांवर माइल्स देऊन असं जगप्रदक्षिणेचं तिकीट मिळतं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्स प्रोग्रॅममध्ये त्याचे नियम असे की एकाच दिशेने जायचं, पॅसिफिक आणि अटलांटिक एकेकदा ओलांडायचा, एकूण अंतर ३५,००० मैलांच्या आत ठेवायचं, आणि वाटेत ७ ठिकाणी मुक्काम करता येतो. आमचा मार्ग मुंबई, सिंगापूर, टोकियो, सॅन फ्रान्सिस्को (तिथे मुलगी असते), न्यूयॉर्क, फ्रँकफर्ट आणि परत मुंबई, जेमतेम २१,००० मैल. माझं बिझनेस क्लासचं तिकीट मी स्वतः फोनवर बसून काढलं, पूर्ण एक दुपार गेली पण झालं. अडचण ही होती की माइल्स एकाच माणसापुरते होते, आणि मी एकटा पुढे झोपून जाणार आणि ही मागे बसून येणार हे मला मान्य नव्हतं.

जुन्या ऑफिसातल्या एकाने अवॉर्ड तिकिटं, म्हणजे माइल्सवरची तिकिटं, काढून देणाऱ्या माणसाचा नंबर दिला. बोलायला अतिशय गोड, प्रत्येक वाक्यात सर, आणि माहिती इतकी पक्की की कुठल्या फ्लाइटला कुठली सीट हे तोंडपाठ. म्हणाला, "सर, मॅडमचं राउंड द वर्ल्ड नको, तुमच्याच फ्लाइट्सवर वेगवेगळी वन-वे तिकिटं काढतो, माइल्स माझ्याकडे आहेत." सगळ्याचे मिळून २ लाख ६० हजार सांगितले. बिझनेस क्लासच्या रोख भाड्यापुढे ते काहीच नव्हतं, आणि हिथेच मी थांबायला हवं होतं. पैसे यूपीआयने तीन वेगवेगळ्या माणसांच्या खात्यात टाकायला लावले, लिमिट असतं ना सर, असं म्हणून. मी टाकले.

तिकिटं मात्र येईनात. विचारलं की म्हणायचा, पार्टनर एअरलाइन सीट्स शेवटच्या दोन आठवड्यांत सोडते, तेव्हा काढू. हे अर्धं खरं असतं म्हणूनच पटतं, काही एअरलाइन्स उरलेल्या सीट्स शेवटी खरंच सोडतात. पण खरं कारण मला नंतर पोलिसांनी सांगितलं, ते हे की चोरीच्या माइल्सचं तिकीट जितकं उशिरा काढाल तितका मूळ मालकाला कळायच्या आत प्रवास होऊन जातो.

निघायच्या बारा दिवस आधी तिकिटं आली आणि मी काय काय तपासलं ते मुद्दाम सांगतो, कारण तुम्हीही हेच तपासाल. पीएनआर एअरलाइनच्या साइटवर उघडला. नुसता पीएनआर म्हणजे तिकीट नसतं, सीट होल्डवर असली तरी पीएनआर असतो, हे मला माहीत होतं, म्हणून १३ आकडी ई-तिकीट नंबर पाहिला, तोही होता. सीट निवडता आली, तिचं शाकाहारी जेवण टाकता आलं. तिकीट शंभर टक्के खरं होतं. फक्त ते ज्यांच्या खात्यातून काढलं ती माणसं कोण, हे मी एकदाही विचारलं नाही.

मुंबई ते सिंगापूर आणि सिंगापूर ते टोकियो छान झालं. ही पहिल्यांदाच विमानात आडवी झोपली, उठल्यावर म्हणाली पाठ दुखली नाही हो. आणि मग हानेडा.

तिथूनच मी तिकीट देणाऱ्या प्रोग्रॅमच्या कॉल सेंटरला फोन लावला तर त्यांनी विचारलं, खातेदाराचं नाव काय आणि तुमचं त्यांच्याशी नातं काय. मला दोन्ही सांगता येईना. मग कळलं की खातेदाराने स्वतः तक्रार केली होती, आपल्या खात्यातून कोणीतरी माइल्स उडवले म्हणून. अमेरिकेतलं आणि परतीचं, सगळंच गेलं होतं. त्याच विमानात इकॉनॉमीची एक सीट शिल्लक होती, १ लाख ८२ हजार, ती घेतली. माझी सीट हिला द्या म्हणून क्रूला खूप विनवलं, नियमात बसत नाही म्हणाले. नऊ तास ती मागे आणि मी पुढे, आणि मला डोळा लागला नाही. पुढचीही सगळी तिकिटं रोखीने काढली, एकूण खर्च ६ लाखांच्या वर गेला.

सॅन फ्रान्सिस्कोहून मी केलेला एकही फोन त्या माणसाने उचलला नाही. सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार तिथूनच टाकली, पुण्यात आल्यावर पोलीस स्टेशनला गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं पण म्हणाले काका, पैसे जाऊन दोन महिने झालेत, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन केला असता तर खात्यातच अडवता आले असते. तीन खात्यांपैकी एकात ३८ हजार गोठवलेत, बाकी दोन रिकामी, आणि ती खाती पोरांनी भाड्याने दिलेली निघाली.

प्रामाणिकपणे हे काम करणारे लोकही आहेत हे सांगायला हवं. ते सीट शोधायची फी घेतात, तिकीट तुमच्याच माइल्सने आणि तुमच्याच लॉगिनमधून तुमच्यासमोर निघतं, ओटीपी तुम्ही टाकता. माइल्स विकणारा वेगळा. माणसामाणसांत माइल्स विकत देणं-घेणं जवळजवळ प्रत्येक एअरलाइनच्या नियमात बंद आहे, म्हणजे माइल्स चोरीचे नसते तरी पकडलं गेल्यावर तिकीट रद्द होऊ शकतं. घरच्यांसाठी सरळ रस्ता असतो, क्रिसफ्लायरमध्ये ५ जणांना नॉमिनी करून आपल्या माइल्सने त्यांचं तिकीट काढता येतं. माइल्स कमी पडले तर वर्षभर थांबा, नाहीतर दोघांचं अर्धंच बिझनेसने करा. आणि कोणालाही फी द्यायचीच असेल तर क्रेडिट कार्डाने द्या, निदान बँकेकडे वाद घालता येतो, यूपीआयने गेलेला पैसा सहसा हातात येत नाही.

हिला पैशांपेक्षा दुसरंच लागून राहिलंय. ती अजून विचारते, ज्यांच्या माइल्सवर मी टोकियोपर्यंत झोपून गेले ते कोण असतील हो, त्यांनीही कुणासाठी तरी साठवले असतील ना. मी त्या प्रोग्रॅमला मेल केला की पहिल्या दोन तिकिटांची किंमत आम्ही भरायला तयार आहोत, तुमच्यामार्फत त्यांना द्या. अजून उत्तर नाही.

तो माणूस अजून धंद्यात आहे. मागच्या आठवड्यात हिच्या मावसभावाला मेसेज आला, युरोप बिझनेस क्लास निम्म्या किमतीत, सीट्स दोनच. डीपी वेगळा आहे, नंबर तोच. तो स्क्रीनशॉट मी पोलिसांना दिलाय. तुमच्याकडेही असा मेसेज आला असेल किंवा कोणी पैसे भरून बसलं असेल तर गप्प राहू नका, तक्रारीत खाते नंबर लिहा, कारण दोन तक्रारींत एकच खातं दिसलं तरच आमची केस पुढे सरकेल असं साहेब म्हणालेत.