ब्लॅक स्वान ग्रीन : आठ महिने मोठ्याने वाचल्यावर

डेव्हिड मिचेलची ही कादंबरी फेब्रुवारीत घेतली. एकदा मनातल्या मनात वाचून झाली. तेव्हापासून रोज रात्री दार लावून दोन-तीन पानं मोठ्याने वाचतो. कारण मी अडखळत बोलतो. 'प' आला की गाडी रुतलीच. साताऱ्याहून येताना कंडक्टरला मी 'पुणे' म्हणत नाही, 'स्वारगेट' म्हणतो.

कादंबरीतला तेरा वर्षांचा जेसन टेलर हेच करतो. इंग्लंडात वूस्टरशरमधलं खेडं, 1982 साल. बोलताना तो पुढचं वाक्य आधीच मनात चाचपतो, अडणारा शब्द दिसला की बदलतो. पण बदललेला शब्द जरा भारदस्त निघाला की पोरं टिंगल करणार, म्हणजे तीही सोय नाही. अडवणाऱ्याला त्याने नाव दिलंय हँगमन, जल्लाद. एक शब्द पुन्हापुन्हा सुरू होणं आणि शब्दच घशात अडकून बसणं, यांत जुलाब आणि बद्धकोष्ठाएवढा फरक आहे, असं तो सांगतो. मी पान उलटं ठेवून हसलो. आपल्याकडे दोघांनाही 'तोतरा' म्हणून मोकळे होतात. मिचेल स्वतः अडखळतो, आणि त्या साली तोही तेराचाच होता. ऐकीव माहितीवर हे लिहिता येत नाही.

शाळेतली उतरंडही नेमकी पकडली आहे. वरच्या पोरांना नावाने हाक, मधल्यांना आडनावाने, तळातल्यांना चिडवायच्या नावाने. आमच्या वर्गात आडनाव सगळ्यांनाच होतं, पण तिसरा प्रकार माझ्या वाट्याला आला होताच. (नाव सांगत नाही.)

जेसन चोरून कविता करतो. आजोबांचं ओमेगा घड्याळ पहिल्याच प्रकरणात गोठलेल्या तळ्यावर फुटतं आणि ते घरी सांगायचं धाडस त्याला होत नाही. घरात आईबाबांचं बिनसतंय, बाहेर ब्रिटन आणि अर्जेंटिनाचं फॉकलंड बेटांवरून युद्ध. गावातला टॉम यू 'कॉव्हेंट्री' या ब्रिटिश युद्धनौकेवर मरतो, ते प्रकरण मी तीनदा वाचलं.

आता तक्रारी. 13 महिन्यांची 13 प्रकरणं, प्रत्येक जवळजवळ स्वतंत्र कथा, त्यामुळे मधे मधे ओढ तुटते. कविता तपासणाऱ्या म्हाताऱ्या बेल्जियन बाईंचं प्रकरण लोकांना फार आवडतं. मला त्या बाईंपेक्षा लेखकच बोलतोय असं वाटत राहिलं. काही उपमा तर तेरा वर्षांच्या डोक्यातल्या नाहीतच. आणि ऐंशीच्या दशकातल्या इंग्रज पोरांची बोली! पहिली पन्नास पानं मोबाइल उघडा ठेवूनच वाचावी लागली. माझ्या प्रतीची शिवण जूनमध्येच उसवली, आता रबर लावून ठेवतो.

अडखळणं गेलं का? नाही. या पुस्तकातही जात नाही, म्हणून तर ते विकत घेतल्याचं वाईट वाटत नाही. गेल्या रविवारी एसटीत 'पुणे' म्हणायला गेलो. 'प'वर अडलो, मागचा माणूस खाकरला, तरी शब्द बदलला नाही. तो पुरा होईपर्यंत कंडक्टरने स्वारगेटचं तिकीट काढून हातात दिलं होतं.